सिंक तुंबलंय? गरम पाणी, प्लंजर, पुडी की प्लंबर, कधी काय करायचं

सिंकमध्ये पाणी साचलं की घरात प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार असतो. सासूबाई म्हणतात उकळतं पाणी ओता, शेजारचे म्हणतात दुकानातनं ड्रेन क्लीनरची पुडी आणा, कोणतरी ग्रुपवर सोडा-व्हिनेगरचा व्हिडिओ टाकतं. हे सगळे उपाय कुठे ना कुठे लागू पडतात, पण आपल्या पाइपात अडकलंय काय आणि अडकलंय कुठे ते न बघताच सुरुवात केली तर पैसे जातात आणि कधीकधी पाइपही जातो.

आधी कुठे ते बघा. फक्त सिंकच तुंबलंय की बाथरूमच्या, मोरीच्या जाळीतनं पण पाणी वर यायलंय? दोन्हीकडे तेच चालू असेल तर अडचण सिंकमध्ये नाहीच, बाहेरच्या लाइनीत किंवा चेंबरमध्ये आहे, मग सिंकमध्ये काहीही ओतून उपयोग नाही. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उघडून बघा, भरलेलं असलं तर खालचं सगळं सोडून थेट माणूस बोलवा. अपार्टमेंटमध्ये वरच्या-खालच्या मजल्यावर विचारा, त्यांच्याकडे पण तसंच असेल तर हे सोसायटीचं काम.

आता अडकलंय काय. आपल्या सोलापूरकडच्या स्वयंपाकघरात दोन गोष्टी जास्त जातात, ज्वारीचं पीठ आणि तेल. भाकरी झाल्यावर परात धुतलेलं पाणी सिंकमध्येच जातं, वर शेंगाच्या चटणीची वाटी, आमटीच्या तर्रीचं भांडं, शेंगदाण्याचं कूट. तेलाचा थर पाइपाला आतनं चिकटतो आणि पीठ, कूट, कढीपत्ता त्या थराला धरून बसतं.

गरम पाण्याचा सल्ला सरसकट का देऊ नये ते इथेच कळतं. नुसतं तेल-तूप गोठलेलं असेल, थंडीचे दिवस असतील, पाणी जायलंय पण हळूहळू, तर गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड हा सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय. पण पीठ अडकलेलं असेल तर उलटं होतं, ज्वारीचं पीठ साधारण 70 अंशांच्या आसपास शिजून फुगतं, म्हणजे तुम्ही पाइपात सुताला लावायची खळच तयार करायलाय. यंत्रमागवाल्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पीठ असेल तर थंड पाणी आणि प्लंजर. आणि पाणी गरम घ्यायचं म्हणजे हाताला चटका बसेल इतपतच, गॅसवरनं उतरवलेलं खळखळतं नाही, कारण साधा पीव्हीसी पाइप साधारण 60 अंशांपर्यंतचंच पाणी नीट सोसतो, त्यावर मऊ पडतो आणि जोड सैल होतात.

प्लंजर म्हणजे तो दांड्याचा रबरी पंप. माझ्या मते प्रत्येक घरात एक असावाच, संडासाचा वेगळा आणि सिंकचा वेगळा. याला पाणी कमी लागतं, आणि रोज नळ न येणाऱ्या आपल्या गावात हा मुद्दा लहान नाही. सिंकमध्ये रबर बुडेल एवढंच पाणी ठेवायचं, वर ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ओला फडका कोंबून बंद करायचं (दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसरं भोक पण), आणि मग दाब देऊन पटापट वर-खाली. बरेच जण फडका लावत नाहीत, हवा तिकडनं निघून जाते आणि मग म्हणतात प्लंजर काही कामाचा नाही.

प्लंजरनं नाही झालं तर खालचा ट्रॅप (सिंकखालचा पाणी आणि घाण अडून राहणारा भाग) उघडा, पुडीकडे जाऊ नका. लोक याला उगाच घाबरतात. सिंकखाली बादली ठेवायची, बाटलीसारखा बॉटल ट्रॅप असेल तर त्याचा खालचा कप हातानंच फिरतो. आत काय असतं ते एकदा बघाच, राखाडी चिकट गोळा, त्यात मेथीचे देठ, शेंगांची सालं, कधी चमचा पण. जुन्या ब्रशनं घासायचं, वायसर जागेवर आहे का बघायचं, परत बसवायचं. तो कंगोऱ्यांचा पांढरा लवचिक वेस्ट पाइप असेल तर धूत बसू नका, कंगोऱ्यांत बसलेलं तेल पूर्ण निघत नाही आणि नवा पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो, फक्त जुना तुकडा सोबत न्या म्हणजे साइज चुकत नाही. ट्रॅप साफ निघाला तर तुंबलंय भिंतीतल्या पाइपात, तिथे स्प्रिंग वायर, म्हणजे पाइपात सरकवायची लांब लवचिक तार. ती वायर वरनं सिंकच्या जाळीतनं घालू नका, लवचिक पाइप फाटतो, पाइप काढून थेट भिंतीच्या तोंडात घाला आणि फिरवत फिरवत पुढे सरकवा.

आता पुडी. या ड्रेन क्लीनरमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, तो तेलाचा साबण करतो आणि पाण्यात पडला की भरपूर तापतो, म्हणून तेलाच्या थरावर चालतो हे खरं. पण चमचा, प्लास्टिक, देठ यावर काही होत नाही. आणि पाणी अजिबातच उतरत नसेल तर ते सगळं तिखट पाणी सिंकमध्येच उभं राहतं, मग ना हात घालता येतो ना प्लंजर मारता येतो, उडालं तर डोळ्याला धोका. माझं म्हणणं स्पष्ट आहे, पाणी हळू जायलंय तेव्हाच पुडी, पूर्ण बंद असेल तेव्हा नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडून, पाकिटावर लिहिलंय तेवढंच. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं सिंकमध्ये ठेवू नका, कॉस्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. पुडीनं झालं नाही म्हणून वरनं अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर तर कधीच ओतू नका, दोन्ही एकत्र आले की उसळून अंगावर येतं. त्या अ‍ॅसिडनं स्टीलचं सिंक पण काळं पडतं. लहान मुलं असतील तर पुडी वरच्या कपाटात, कुलूप असलं तर अजून बरं.

सोडा-व्हिनेगरला फेस येतो, बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे खारट पाणी उरतं. वास थोडा कमी होईल, तुंबलेलं निघणार नाही.

प्लंबर कधी? भिंतीतल्या पाइपात स्प्रिंग पुढे जात नसेल, कपाटाच्या मागनं ओल यायली असेल, किंवा साफ करून पण दर महिन्याला परत तुंबत असेल तेव्हा, कारण मग बहुतेक पाइपाचा उतारच चुकलाय आणि ते घरी दुरुस्त होत नाही. बोलावताना फोनवरच विचारा की मशीन किंवा लांब स्प्रिंग घेऊन येणार का, आणि फरशी फोडायची वेळ आली तर त्याचे पैसे वेगळे का. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीतल्या कामाआधी मालकांना कळवा. आणि आधी पुडी टाकलेली असेल तर ते प्लंबरला दारातच सांगा, तो बिचारा उघड्या हातानं ट्रॅप काढायला बसतो.