एसी मध्येच गार, मध्येच गरम: गाडी दाखवायची कुणाला?

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत गाडी गारेगार, आणि खंबाटकी चढताना झोतातून गरम हवा सुरू. साताऱ्यात तासभर गाडी उभी राहिली, परतीला एसी पुन्हा उत्तम! दुसऱ्या दिवशी एका दुकानात गॅस भरून घेतला. पंधरा दिवसांनी त्याच घाटात तेच झालं.

गॅसची गळती तासाभरात आपोआप बुजत नाही. गॅस कमी असेल तर गारवा दिवसेंदिवस उतरत जातो, किंवा कॉम्प्रेसरचा क्लच (इंजिनच्या पट्ट्याला कॉम्प्रेसर जोडणारी चुंबकी चकती) दर काही सेकंदांनी लागतो-सुटतो. त्यामुळे मधूनमधून येणाऱ्या बिघाडात आधी गॅस भरून घेणं मला चुकीचंच वाटतं.

तरीही एसीवाल्याकडे जायची वेळ असते. अर्धा तास छान गार, मग गरम, दहा मिनिटं बंद ठेवलं की परत गार, असं होत असेल तर सिस्टिममध्ये ओल शिरून, गॅस बारीक वाटेतून सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी बर्फ धरत असण्याची शक्यता मोठी. इथे सगळा गॅस काढून, ओल शोषणारा ड्रायर बदलून, व्हॅक्यूम करणारा (आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणारा) माणूस हवा. नुसतं गेज लावून ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. इंजिन बंद असताना ३० अंशांना आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो, मग आत २०० ग्रॅम असो की ४००. खरं प्रमाण वजनावरच कळतं. बोनेटखालच्या स्टिकरवर ते ग्रॅममध्ये छापलेलं असतं, तेवढाच गॅस मोजून भरायला सांगा. जास्त भरला तर दाब वाढून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो.

माझं काम झालं ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्याने गाडी तापू दिली, एसी गेल्यावर क्लचच्या पिनवर मीटर लावला. १२ व्होल्ट येत होते, पण क्लच ओढत नव्हता. प्लेट झिजून फट वाढलेली, आणि क्लचची चुंबकी कॉइल तापली की तिची ओढ कमी पडते. एक पातळ वॉशर काढून फट कमी केली, बस्स! व्होल्ट आले नसते तर रिले, वायरिंग, प्रेशर स्विच असा मागे मागे शोध घ्यावा लागला असता. धावताना गार आणि सिग्नलला गरम, अशी तक्रार असेल तरी आधी इलेक्ट्रिशियनच गाठा. कंडेन्सरचा (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा फिरतो का, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात.

सर्व्हिस सेंटर महाग पडतं, आणि तिथे गाडी उभी असताना बिघाड दिसलाच नाही तर ‘सगळं ठीक आहे’ ऐकून परत यावं लागतं. पण ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल, डॅशबोर्डमागे टकटक येत असेल, एका बाजूला गार नि दुसऱ्या बाजूला गरम हवा येत असेल, तर तिथेच जा. हवा वळवणाऱ्या फ्लॅपची मोटर किंवा सेन्सर गेलेला असू शकतो, आणि स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतो, एसीचे नाही. वॉरंटी असेल तर प्रश्नच नाही.

कुठेही जा, जाण्याआधी आठवडाभर लिहून ठेवा: किती मिनिटांनी गेला, गाडी उभी होती की चढावर, झोत कमी झाला की फक्त गारवा गेला. झोतच कमी झाला असेल तर केबिन फिल्टर चोंदलाय का, की कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय, हे आधी तपासायला सांगा.