आधी लिहायचं की आधी काढायचं? अ‍ॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांसाठी स्टोरीबोर्ड शिकण्याच्या वाटांची तुलना

"स्टोरीबोर्डिंग शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्ट क्रमाने लावलेल्या कच्च्या चित्रांत मांडणं. सॉफ्टवेअरबद्दल पुढे लिहिलं आहेच, पण या निर्णयातला तो सगळ्यात हलका भाग आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात. गोष्ट लिहून घडवायची की काढून? आणि ती कच्ची असतानाच कुणाला दाखवायची?

कॅमेऱ्याने चित्रित होणाऱ्या सिनेमात एकच प्रसंग चार बाजूंनी टिपून ठेवता येतो. त्यातलं काय ठेवायचं ते संकलनाच्या वेळी ठरतं. अ‍ॅनिमेशनमध्ये ही सोय नाही. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने प्रत्येक हालचाल घडवावी लागते, त्यामुळे 'लागला तर असू दे' म्हणून जादा शॉट करून ठेवणं कुणालाच झेपत नाही. म्हणून संकलन आधी होतं, आणि ते स्टोरीबोर्डवर होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत सुट्या कागदांवर रेखाटनं काढून ती फळ्यावर टाचायला सुरुवात झाली. याचं श्रेय सहसा वेब स्मिथ या चित्रकाराला दिलं जातं. या पद्धतीतली मोलाची गोष्ट कागद सुटे असणं ही होती. कुठलंही चित्र काढून घेता येत होतं, दुसरीकडे लावता येत होतं, फेकून देता येत होतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना गोष्ट एकदमच दिसत होती.

म्हणून शिकण्याच्या प्रत्येक वाटेला मी एकच कसोटी लावते: फसलेलं चित्र टाकून देणं किती सोपं आहे, आणि गोष्ट दुसऱ्या माणसापुढे किती लवकर जाते?

आधी पटकथा

'द सिम्पसन्स'सारख्या मालिका पटकथेवर चालतात. लेखकांचं काम पुरं होतं, मग बोर्डवाल्यांचं सुरू होतं. विद्यार्थ्याने ही वाट धरली तर पहिला फायदा असा की पात्राला नेमकं काय हवंय आणि ते न मिळाल्यास काय बिघडणार आहे, याचं उत्तर टाळता येत नाही. लिहिलेलं ओळीने वाचताना कार्यकारणभावातली भोकं दिसतात. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, या ढोबळ हिशेबाने लांबीचाही अंदाज येतो. तीन मिनिटांच्या फिल्मसाठी आठ पानं झाली असतील तर हात आखडता घ्यायला हवा, हे एकही चित्र काढण्याआधी कळतं.

तोटा असा की लिहिताना आपण न दिसणाऱ्या गोष्टी बिनधास्त लिहून जातो. समजा गोष्ट अशी आहे: एका मुलीने शेजाऱ्यांकडून नेलेली छत्री मोडली आहे आणि ती परत करायला ती त्यांच्या दारात उभी आहे. पटकथेत ओळ येते, "ती घाबरते, पण धीर करून बेल वाजवते." वाचायला पुरेसं आहे. पण पडद्यावर 'घाबरते' कसं दिसणार? याचं उत्तर लेखकाने पुढच्या माणसावर ढकललेलं असतं, आणि विद्यार्थ्याच्या फिल्ममध्ये तो पुढचा माणूस तोच असतो. मग सुटका म्हणून संवाद येतात. मुलगी स्वतःशीच पुटपुटते, "काका रागावतील." इतका वेळ खर्च करून हलणारं चित्र बनवायचं आणि त्यात पात्राला मनातलं बोलून दाखवायला लावायचं, हे मला पटत नाही.

आधी चित्र

'अ‍ॅडव्हेंचर टाइम' या मालिकेची पद्धत वेगळी होती. बोर्ड आर्टिस्टच्या हातात एक छोटी रूपरेषा यायची. प्रसंग आणि संवाद तेच बोर्डवर रचायचे. लिहिणारा आणि काढणारा एकच.

आपली मुलगी आता या वाटेने बघू. थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढायला बसलात की 'घाबरते' हा शब्द उपयोगाचा राहत नाही. हात बेलच्या बटणापासून दोन बोटांवर थांबलेला. मोडलेली छत्री पाठीमागे लपवलेली, तिची एक काडी खांद्यावरून डोकावतेय. मग दाराच्या भिंगातून बाहेर बघावं तसा वाकडातिकडा शॉट: दारापुढचा लांबलचक मोकळा पॅसेज आणि त्यात एवढीशी मुलगी. ही तीन पॅनेल, म्हणजे बोर्डवरच्या चौकटी, काढून झाल्यावर कळतं की गोष्ट छत्री परत करण्याची नाहीच. बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंतच्या दहा-बारा सेकंदांत ती पळून जाईल की थांबेल, हीच गोष्ट आहे. पटकथेत हा काळ एका पूर्णविरामात संपला होता.

या वाटेचा धोकाही तितकाच मोठा आहे. ज्यांचा हात चांगला आहे ती मुलं इथे फार लवकर खूश होतात. त्या पॅसेजचे सुंदर शॉट होतील, सावल्या पडतील, पण छत्री परत करणं तिला इतकं जड का जातंय हे कुणी ठरवलेलंच नसेल. शेवट सुचत नाही म्हणून कॅमेरा आभाळाकडे जाईल. बोर्ड बघणारा "काय मस्त काढलंयस" म्हणेल आणि गोष्टीबद्दल अवाक्षर काढणार नाही. अशी दाद मिळाली की समजावं, गोष्ट पोचलेली नाही.

मग कुणी काय निवडावं?

दोन्ही थोडं थोडं करा, असं मी म्हणणार नाही. मुदत असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नसतो. जी बाजू कच्ची आहे तिथून सुरुवात करा. वहीत पानंच्या पानं लिहिणाऱ्याने पुढच्या दोन छोट्या गोष्टी संवादाशिवाय, थेट थंबनेलमध्ये कराव्यात. काठीसारखी माणसं काढली तरी चालतील. आणि ज्याच्या स्केचबुकात सुरेख पात्रं आहेत पण एकाही गोष्टीला शेवट नाही, त्याने पेन्सिल उचलण्याआधी चार वाक्यं लिहावीत: कोण आहे, काय हवंय, काय आडवं येतं, शेवटी काय बदलतं. चौथं वाक्य जमत नसेल तर बोर्ड सुरू करू नये.

एकट्याने फिल्म करणाऱ्यांसाठी तिसरी एक वाट मला सगळ्यात आवडते: जपानी अ‍ॅनिमेशनमधलं ई-कोंते. उभ्या पानावर एकाखाली एक पाच चौकटी, शेजारी कृती, संवाद आणि सेकंद यांचे रकाने. चित्र, लिखाण आणि वेळ तिन्ही एकाच नजरेत राहतात. तिथे दिग्दर्शक हे स्वतः काढतात असं अनेकदा घडतं. हायाओ मियाझाकी तर पटकथा न लिहिता थेट ई-कोंते काढतात, आणि ते पुरं होण्याआधीच निर्मिती सुरू झालेली असते. तो धोका पत्करण्यामागे त्यांचा अनेक दशकांचा अनुभव आहे. विद्यार्थ्याने त्यांचं पान घ्यावं, वेळापत्रक घेऊ नये. सेकंदांचा रकाना भरायची सवय मात्र आजपासून लावावी. प्रसंग मनातल्या मनात अभिनय करून बघायचा आणि घड्याळ लावायचं. सुरुवातीला आपले सगळे शॉट सारख्याच लांबीचे निघतात, आणि ही खोड याच रकान्यात पकडली जाते.

बोर्डवर थांबायचं की अ‍ॅनिमॅटिकपर्यंत जायचं?

याचं उत्तर सरळ आहे: अ‍ॅनिमॅटिकपर्यंत जायचंच. पॅनेल वेळेनुसार मांडून, त्यावर स्वतःच्या आवाजात कच्चे संवाद आणि दोन-चार आवाज टाकले की अ‍ॅनिमॅटिक होतं, आणि गोष्टीची खरी लांबी कळते. फळ्यावरचा बोर्ड आपण आपल्या गतीने वाचतो, कंटाळा आला की डोळा पुढे सरकतो. अ‍ॅनिमॅटिक मात्र प्रेक्षकाला फिल्मच्या गतीने चालवतं.

मोठ्या स्टुडिओंनाही दोष इथेच दिसतात. नोव्हेंबर १९९३मध्ये पिक्सारने 'टॉय स्टोरी'ची तोवरची रील्स (म्हणजे अशीच सलग लावलेली रेखाटनं) डिस्नेला दाखवली, तेव्हा वुडी हा नायक इतका कडवट आणि दुष्ट वाटला की निर्मिती थांबवावी लागली. पटकथेवर काम झालेलं होतं, बोर्ड झाले होते, तरी तो असा वाटतो हे सगळं सलग बघितल्यावरच लक्षात आलं. मग गोष्ट नव्याने बांधली गेली आणि १९९५मध्ये चित्रपट आला. ही दुरुस्ती रेखाटनांच्या टप्प्यावर करावी लागली म्हणून शक्य झाली. हाच शोध अ‍ॅनिमेशन पुरं झाल्यावर लागला असता तर चित्रपट वाचवायला हातात काहीच उरलं नसतं.

साधनं

कागद आणि चिकट चिठ्ठ्या अजूनही पहिल्या क्रमांकावर आहेत. चिठ्ठी लहान असते, त्यामुळे बारकावे काढायचा मोह होत नाही. पटकन उचलून दुसरीकडे चिकटवता येते. उणीव एकच, वेळ दिसत नाही.

वंडर युनिटचं स्टोरीबोर्डर मोफत आहे. त्यात ब्रशांचा बाजार नाही, मोजकी चित्रसाधनं आहेत, आणि सुरुवातीला हेच हवं. कागदावर छापलेल्या चौकटींत काढून त्याचा फोटो परत आत घेण्याची सोयही त्यात आहे, म्हणजे कागदाची सवय मोडावी लागत नाही. क्रिताही मोफत; आवृत्ती ५.०पासून त्यात स्टोरीबोर्डसाठी वेगळा डॉकर (पडद्यावरची साधनांची चौकट) आला. आधीच क्रितात चित्रं काढत असाल तर नवीन काही शोधू नका. ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलने त्रिमितीय जागेत रेखाटन करून त्यातून कॅमेरा फिरवता येतो. ज्यांची फिल्म त्रिमितीय आहे त्यांना याचा मोठा फायदा होतो, पण ब्लेंडर शिकायलाच इतका वेळ जातो की गोष्ट बाजूला पडते. आधीपासून येत नसेल तर बोर्ड शिकण्यासाठी म्हणून त्याच्या मागे लागू नका.

टून बूमचं स्टोरीबोर्ड प्रो विकतचं आहे. अनेक स्टुडिओंत तेच वापरतात, कारण पॅनेल, कॅमेऱ्याची हालचाल, ध्वनी आणि वेळ सगळं एकत्र असतं आणि संकलनाच्या सॉफ्टवेअरकडे काम थेट पाठवता येतं. नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव दिसेल. ते शिका, पण शेवटच्या वर्षात. स्टेजिंग (चौकटीत पात्र कुठे, कसं उभं करायचं) आणि शॉटचा क्रम ज्याला कळतो त्याला ते लवकर येतं. नुसतं सॉफ्टवेअर येणाऱ्याला स्टेजिंग लवकर येत नाही.

चित्र तयार करून देणाऱ्या एआयबद्दल हल्ली विचारलं जातं. सुरुवातीला सांगितलेल्या कसोटीवर ते नापास होतं. पहिल्याच फटक्यात पॅनेल इतकं पूर्ण दिसतं की ते टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही, आणि पात्र कुठे उभं करायचं, नजर कुठे न्यायची हा जो विचार शिकायला तुम्ही बसला आहात तोच तुमच्या हातून सुटतो.

वर्ग, ऑनलाइन की स्वतःचा गट?

पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा सगळ्यात मोठा लाभ म्हणजे मुदत आणि माणसं. पण प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या: विद्यार्थी आपली गोष्ट वर्गापुढे उभं राहून वर्षातून किती वेळा पिच करतात, म्हणजे बोर्ड दाखवत सांगतात? शेवटच्या वर्षाच्या फिल्मची जुनी अ‍ॅनिमॅटिक बघायला मिळतील का? उत्तरादाखल संगणकांची यादी ऐकवली गेली, तर तिथे कथेला किती वेळ मिळत असेल याचा अंदाज बांधता येतो.

ऑनलाइनमध्ये खान अकॅडमीवरचा 'पिक्सार इन अ बॉक्स'चा कथाकथनाचा भाग मोफत आहे. व्यक्तिरेखा, कथेची रचना, दृश्यभाषा, चित्रपटाचं व्याकरण आणि शेवटी पिच व अभिप्राय असा त्याचा क्रम आहे. पाया म्हणून तो उत्तम आहे. फक्त तुमचं पॅनेल बघून "इथे नायक उलट्या दिशेने का बघतोय?" हे व्हिडिओ विचारत नाही. ते काम मार्गदर्शक करतो. स्टुडिओत काम करणाऱ्या स्टोरी आर्टिस्टकडून थोड्या आठवड्यांची कार्यशाळा मिळत असेल आणि तो तुमच्या बोर्डवर स्वतः रेघा मारून दाखवत असेल, तर पुष्कळ रेकॉर्ड केलेल्या धड्यांपेक्षा मी तिला वरचं स्थान देईन.

तेही शक्य नसेल तर तीन-चार जणांचा गट करा. त्यात एखादा अ‍ॅनिमेशनबाहेरचा असावा. बोर्डपुढे उभं राहायचं, एकेक पॅनेल दाखवत आवाज काढून गोष्ट सांगायची. संपल्यावर "आवडलं का?" विचारायचं नाही. "काय घडलं ते मला परत सांग," म्हणायचं. ऐकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट जिथे तुमच्या गोष्टीपासून वेगळी होते, तिथली पॅनेल पुन्हा काढायची.

आणि पोर्टफोलिओ? बोर्ड आर्टिस्टच्या जागेसाठी पूर्ण प्रसंग लागतात: एक विनोदी, एक कृतिप्रधान, एक भावनिक, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट असलेला. सुटी देखणी पॅनेल इथे कामाची नसतात. कथा-विकासाकडे जायचं असेल तर एकाच गोष्टीचे दोन-तीन खर्डे क्रमाने लावा आणि प्रत्येक वेळी काय बदललं, का बदललं, ते दोन ओळींत लिहा. म्हणून टाकून दिलेली थंबनेल फाडू नका. तारीख घालून एका पाकिटात ठेवा.