रुंदी कमीजास्त होणारे पोलादी दाताळे : एका पानगळीचा अनुभव

खेड्यातल्या प्रशस्त बागेत पानगळ सुरू झाली की पुढचे दोन-अडीच महिने पालापाचोळा हेच मुख्य काम होऊन बसते. फुलझाडांची छाटणी, कंदांची लावणी, वाफ्यांची आवराआवर ही कामे त्याच्या आगेमागे उरकता येतात, पण पाचोळ्याला टाळता येत नाही. हिरवळीवर पाने साचू दिली तर खाली ऊन पोहोचत नाही, ओल कोंडते, गवत पिवळे पडते आणि थंडीत त्यावर बुरशीचे चट्टे उमटतात. गेल्या हंगामात या कामासाठी मी रुंदी कमीजास्त करता येणारे एक पोलादी दाताळे घेतले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस बर्चची पहिली पिवळी पाने गळू लागल्यापासून डिसेंबरात ओक पुरता उघडा पडेपर्यंत ते जवळजवळ रोज वापरले. हा अभिप्राय त्या पूर्ण हंगामाच्या वापरावर आधारलेला आहे.

दाताळे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे जाड, आखूड, ताठ दात्यांचे लोखंडी अवजार येते. ढेकळे फोडायला आणि माती सपाट करायला ते उत्तम असते, मात्र पाने गोळा करायला अगदी निरुपयोगी, कारण त्याचे दाते जमिनीत रुततात आणि पानांबरोबर गवताचे ठोंबही उपटून आणतात. मी घेतलेले दाताळे पंख्यासारखे आहे. त्याला स्प्रिंगच्या पोलादाचे १५ चपटे, लवचीक दाते असून त्यांवर जस्ताचा मुलामा आहे. दांड्यालगतचे कडे वर-खाली सरकवले की दाते मिटतात किंवा पसरतात, त्यामुळे रुंदी साधारण २० सेंटीमीटरपासून ५५ सेंटीमीटरपर्यंत हवी तशी ठेवता येते, आणि ठरवलेल्या रुंदीवर कडे पक्के बसावे म्हणून एक चाप दिलेला आहे. दांडा अ‍ॅश लाकडाचा, उभा धरला तर माझ्या हनुवटीपर्यंत येणारा. दांड्याच्या लांबीकडे खरेदीच्या वेळी फार थोडे लोक लक्ष देतात, पण कंबर दुखणार की नाही हे तिच्यावरच ठरते. दांडा आखूड असला की माणूस नकळत वाकतो आणि तासाभरात पाठ धरते.

दवाने भिजलेल्या हिरवळीवर ते पहिल्यांदा ओढले तेव्हा फरक हाताला लगेच जाणवला. दात्यांची टोके खाली वळवलेली आहेत. वाटेत उंचवटा आला की तेवढाच एक दाता मागे झुकतो, शेजारचे दाते आपल्या जागी राहतात, आणि उंचवटा ओलांडताच तो बारीक किणकिण करून पुन्हा सरळ होतो. त्यामुळे खोलगट जागेत गवताला चिकटून बसलेली पानेही वर येतात आणि गवताची मुळे मात्र शाबूत राहतात. अट एवढीच, की दाताळे दाबायचे नाही. स्वतःच्या वजनाने ते जेवढे टेकते तेवढे पुरेसे असते, आणि जोर लावला की दाते लवून आडवे होतात व पानांवरून नुसते घसरत जातात. प्लास्टिकची दाताळी याहून हलकी असतात, हे खरे, पण ओली पाने त्यांना आवरत नाहीत आणि कडाक्याच्या थंडीत त्यांचे दाते मोडण्याची भीती असते. बांबूचे दाताळे गवताला सर्वांत मऊ लागते, तरी त्याची रुंदी बदलता येत नाही, आणि माझ्या मते या अवजाराचे खरे मोल त्या बदलत्या रुंदीतच आहे.

हे नीट समजायला पानगळीचा क्रम पाहावा लागतो. दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली दडलेले पिवळे-नारिंगी रंग दिसू लागतात. मेपलसारख्या काही झाडांत लाल रंग याच काळात नव्याने तयार होतो. पानातल्या नत्राचा मोठा वाटा झाड परत फांद्यांत ओढून घेते, आणि देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होऊन पान सुटते. हे सगळे प्रत्येक जातीच्या झाडात वेगळ्या वेळी पुरे होते, म्हणून बागेत पाने एकदम पडत नाहीत, पाळीपाळीने पडतात, आणि प्रत्येक पाळीला दाताळ्याची वेगळी परीक्षा होते. बर्चची पाने इतकी लहान असतात की दाते पूर्ण पसरले तर ती फटींतून निसटून मागेच राहतात. रुंदी ३० सेंटीमीटरच्या आसपास आणली तेव्हा ती व्यवस्थित अडकू लागली. मेपलची तळहाताएवढी पसरलेली पाने आली तेव्हा दाते पूर्ण उघडले आणि एका ओढीत एवढा ढीग सरकू लागला की काम निम्म्या वेळात संपले. गिंको तर पहिल्या कडक हिमतुषारानंतर एक-दोन दिवसांत सगळा भार उतरवून मोकळा होतो, आणि झाडाखाली पिवळ्याधमक पानांचा घोट्याएवढा थर साचतो. ही पाने गुळगुळीत असल्याने एकमेकांवरून घसरतात, म्हणून तिथे लांब ओढी न घेता आखूड आणि संथ ओढी घेणे बरे पडते.

सर्वांत जास्त त्रास हॉर्स चेस्टनटने दिला. त्याच्या पानांचे देठ लांब आणि कडक असतात, ते दात्यांच्या मधोमध अडकून बसतात, आणि दर पाच-सहा ओढींनंतर दाताळे उलटे करून हाताने साफ करावे लागते. अशा वेळी कडे मागेपुढे सरकवून दाते मिटायचे आणि पुन्हा उघडायचे, म्हणजे अडकलेले देठ आपोआप गळून पडतात, ही युक्ती मला तिसऱ्या आठवड्यात सापडली. पक्क्या दात्यांच्या दाताळ्यात ही सोय नसते.

अरुंद दाताळ्याची खरी गरज सफरचंदाच्या झाडाखाली पडली. सफरचंदाच्या पानांवर आणि फळांवर काळपट खपल्या आणणारी बुरशी गळलेल्या पानांतच हिवाळा काढते आणि वसंतात त्याच पानांतून तिचे बीजाणू उडून नव्या पालवीवर बसतात. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांची बुरशीही अशीच गळलेल्या पानांत टिकून राहते. म्हणून या दोन्ही जागांची पाने शक्य तितकी वेचून बागेबाहेर न्यावी लागतात, आणि ती बागेतल्या साध्या, थंड खताच्या ढिगात टाकून चालत नाही. सफरचंदाच्या बुंध्याभोवती आणि गुलाबांच्या काटेरी फांद्यांमधून मी दाते २० सेंटीमीटरपर्यंत मिटवून फिरवले. झुडपांच्या आत हात न घालता, खाली लावलेल्या रोपांना धक्का न लावता पाने बाहेर आली. गुलाबांपाशी पूर्वी जिथे गुडघ्यांवर बसून अर्धा-पाऊण तास जायचा, तिथे आता दहा मिनिटे पुरली.

याच्या उलट, काही जागा अशा आहेत जिथे दाताळे न्यायचेच नाही. कुंपणाच्या बुडाशी आणि बहुवर्षायू फुलझाडांच्या मागच्या बाजूला पडलेली पाने मी तशीच ठेवतो. तिथल्या मातीत भुंगमाशीच्या (बंबलबीच्या) राण्या हिवाळाभर निजून असतात, फुलपाखरांचे आणि पतंगांचे कोष पाचोळ्यात दडलेले असतात, युरोपातल्या बागांमध्ये हेजहॉग हा काटेरी अंगाचा छोटा प्राणी पानांच्या ढिगात घर करतो, आणि जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांना थंडीत खाद्य तिथेच मिळते. हिरवळ साफ आणि कुंपणालगत पाचोळा, ही सीमारेषा एकाच अवजाराने अचूक आखता येणे मला फार महत्त्वाचे वाटते. दाते अर्धवट मिटवून कडेने एक ओढ घेतली की रेषा सरळ उतरते.

गोळा केलेली पाने मी जुन्या ताडपत्रीवर ओढून घेतो आणि बागेच्या कोपऱ्यात चार खांबांना जाळी बांधून केलेल्या एक मीटर लांब-रुंद-उंच कप्प्यात टाकतो. पानांत नत्राच्या तुलनेत कर्ब फार जास्त असतो. खताचा ढीग झपाट्याने तापायला कर्बाचे प्रमाण नत्राच्या सुमारे ३० पट असावे लागते आणि गळलेल्या पानांत ते बहुधा ४० ते ८० पट असते, त्यामुळे नुसत्या पानांचा ढीग तापत नाही. तो थंडपणे, मुख्यतः बुरशीच्या जोरावर कुजतो आणि त्याला एक ते दोन वर्षे लागतात. ओक आणि बीचची पाने चांगले खत देतात. हॉर्स चेस्टनट आणि अक्रोडाची जाड पाने बारीक केल्याखेरीज लवकर कुजत नाहीत. ढीग ओलसर राहील एवढे पाणी मारणे सोडले तर दुसरे काही करावे लागत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या ढिगातले काळेभोर, मुठीत दाबले तर स्पंजासारखे पुन्हा फुगणारे, पावसाळी जंगलाचा वास येणारे खत मी या हंगामात कंदांच्या वाफ्यांवर पसरले. तेही याच दाताळ्याने, दाते पूर्ण उघडून आणि पाठीकडून हलके हात फिरवून.

पाने उडवणारे यंत्र का घेतले नाही, असे शेजारी विचारतात. मी ते पूर्वी वापरले आहे. कोरड्या पानांवर आणि फरशीवर त्याचा वेग दाताळ्याला गाठता येणार नाही, हे मान्य करायला हवे. परंतु ओल्या, गवताला चिकटलेल्या पानांपुढे त्याचे फारसे चालत नाही, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचा आवाज व धूर खेड्यातल्या शांत सकाळी असह्य होतो. वॉशिंग्टन डीसीमध्ये २०२२ पासून पेट्रोलच्या अशा यंत्रांवर बंदी आहे आणि कॅलिफोर्नियात २०२४ किंवा त्यानंतर बनवलेली तशी नवी यंत्रे विकता येत नाहीत. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने तर २०१९ मध्ये, कीटकांना होणाऱ्या इजेमुळे, अगदी अटळ असेल तेव्हाच ही यंत्रे वापरावीत असे सांगितले होते. माझे स्वतःचे कारण याहून साधे आहे. यंत्र पानांबरोबर वाफ्यातली भुसभुशीत वरची मातीही उडवते, आणि ती माती तयार व्हायला कित्येक वर्षे गेलेली असतात.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष चापाचा आहे. सुरुवातीचे पाच आठवडे तो घट्ट होता. सहाव्या आठवड्यात, ऐन ओकच्या पानगळीत, ओढ घेता घेता कडे आपोआप सरकू लागले आणि ५५ सेंटीमीटरचे दाताळे ४० वर येऊ लागले. ओकची पाने चिवट आणि भिजल्यावर जड होतात, तेवढा भार त्या पातळ पत्र्याच्या चापाला पेलत नाही. उत्पादकाकडे चौकशी केली तेव्हा चाप सुटा मिळत नाही, पूर्ण दाताळे नवे घ्यावे लागेल, असे उत्तर आले. ज्या वस्तूचे पोलाद आणि लाकूड सहज वीस वर्षे टिकेल, ती एका चिमूटभर पत्र्यापायी फेकून द्यावी असे सुचवणे मला मनापासून खटकले. दुसरा दोष असा, की हातमोजे घालून चाप उघडता येत नाही आणि गारठलेल्या बोटांनी उघडताना चिमटा बसतो. कडेचा एक दाता ओकच्या उघड्या मुळात अडकून वाकला, पण तो पकडीने सरळ करता आला, म्हणून त्याची तक्रार नाही.

दांड्याचे लाकूड उत्कृष्ट आहे, त्यावरचे व्हार्निश मात्र नाही. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात दुसऱ्याच दिवशी फोड आला. मी पॉलिश पेपरने व्हार्निश उतरवले आणि दांड्याला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात दिले, प्रत्येक हातामध्ये एक दिवस जाऊ दिला. त्यानंतर पकड मऊ झाली आणि फोड आले नाहीत. हे करणाऱ्याने तेलाचा फडका चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून फडका उघड्यावर सपाट पसरून वाळवावा.

ज्यांच्याकडे एक-दोन झाडे आणि चार वाफे आहेत त्यांना पक्क्या दात्यांचे साधे दाताळे पुरेल. ज्यांच्या बागेत लहान-मोठ्या पानांची झाडे, झुडपे, फळझाडे आणि हिरवळ असे सगळे एकत्र आहे, त्यांनी मात्र रुंदी बदलणारेच घ्यावे, आणि घेताना दात्यांच्या आधी चाप तपासावा: दाते पूर्ण उघडून टोके जमिनीला टेकवावीत, दांड्यावर भार द्यावा आणि कडे सरकते का ते पाहावे. बीचच्या कुंपणाची वाळकी पाने वसंतापर्यंत फांद्यांवरच राहतात, तेव्हा हे अवजार पानगळीनंतर गुंडाळून ठेवायचे नसते. माझे मी गोठ्याच्या भिंतीवर दाते वर करून दोन खिळ्यांना टांगले आहे. चापाच्या जागी कड्याला आरपार भोक पाडून बोल्ट, वॉशर आणि हातमोज्यातूनही फिरवता येईल असा पंखांचा नट बसवला. ओकच्या शेवटच्या पंधरवड्यात, पाऊस पडत असतानाही, कडे एकदाही सरकले नाही.