संख्याशास्त्रासाठी नागपुरात राहावे की बाहेर जावे?

बारावीचा किंवा बी.एस्सी.चा निकाल लागला आणि नागपुरातल्या एखाद्या घरात संख्याशास्त्राचा विषय निघाला, की पहिली चर्चा गावाची होते : इथेच शिकायचे, की पुणे, कानपूर वा कोलकाता गाठायचे? माझ्या मते हा प्रश्न पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन अशा तीन टप्प्यांवर तीनदा विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे येते. कारण तिन्ही टप्प्यांवर विषयाचे नाव तेच राहिले, तरी विद्यार्थ्याला करावे लागणारे काम पार बदलते.

ते कसे बदलते, हे एका लहानशा सूत्रावरून कळते. अकरावीत प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्स, काढताना सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज करून तिला निरीक्षणांच्या संख्येने, म्हणजे ‘एन’ने, भागतात. बी.एस्सी.ला नमुन्याचे प्रचरण काढताना मात्र ‘एन वजा एक’ने भागायला सांगतात आणि तसे केल्याने अंदाज अनभिनत होतो, म्हणजे सरासरीने खऱ्या मूल्याइतकाच येतो, हे चार-सहा ओळींत सिद्ध करून दाखवतात. एम.एस्सी.त हाच ‘वजा एक’ भूमितीच्या वेषात परत भेटतो : सर्व निरीक्षणे मिळून एक सदिश मानला आणि त्यातून सरासरीच्या दिशेचा भाग वेगळा काढला, तर उरलेला भाग एक मिती कमी असलेल्या उपावकाशात राहतो, आणि टी-चाचणीच्या कोष्टकातील ‘स्वातंत्र्याच्या मात्रा’ म्हणजे त्या उपावकाशाच्या मिती होत. संशोधनाच्या पातळीवर गाठ पडते ती शंभर रुग्ण आणि प्रत्येकाच्या काही हजार जनुकांची मोजमापे अशा माहितीशी. तिथे चलांची संख्या निरीक्षणांपेक्षा जास्त असल्याने नमुन्याच्या सहप्रचरण (कोव्हेरिअन्स) मॅट्रिक्सचा व्यस्तच (इन्व्हर्स) अस्तित्वात नसतो, आणि तोवर शिकलेली बरीच सूत्रे बाजूला ठेवून नव्या पद्धती शोधाव्या लागतात. अकरावीपासून इथवर येताना गणिताचे ओझे वाढत जाते, आणि गावाचा निर्णय बहुतांशी त्या ओझ्यावर ठरतो.

पदवीसाठी बहुतेकांनी नागपूर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या, अभ्यासक्रमात संभाव्यता, वितरणे, नमुना निवड, परिकल्पना चाचणी, रिग्रेशन हा जो पाया शिकवला जातो, तो देशात कुठेही जवळपास तसाच असतो आणि घरी राहून तो पक्का करता येतो. विषय निवडताना संख्याशास्त्राच्या जोडीला गणित मात्र घ्यावेच. गणित सोडून केवळ संगणकाच्या विषयावर भिस्त ठेवणाऱ्याला पदवी मिळेल, परंतु पुढच्या पायरीवर त्याची वाट अडते.

याला अपवाद एकच. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. हा अभ्यासक्रम बारावीनंतरच सुरू होतो. त्यासाठी प्रथेनुसार शिक्षणशुल्क पडत नाही आणि प्रगती समाधानकारक असल्यास विद्यावेतनही मिळते. तिथे प्रवेश मिळाला तर पालकांनी फार घोळ घालू नये. मुलाचा पिंड तसा आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्या प्रवेश परीक्षेची जुनी वर्णनात्मक प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवावी. दोन तासांत दोनच प्रश्न सुटले तरी हरकत नाही. तिसरा जेवतानाही त्याच्या डोक्यात घोळत राहिला, तर तो तिथे रमेल.

खरी ओढाताण होते ती एम.एस्सी.च्या वेळी. एकीकडे अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरातील विभाग असतो. दुसरीकडे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभारलेला पुणे विद्यापीठाचा विभाग, कानपूर व मुंबईच्या आयआयटी आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचा एम.स्टॅट. असतो. (हावड्याहून पुण्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस नागपूरवरूनच जाते, त्यामुळे कोलकाता आणि पुणे ही दोन्ही टोके आपल्याला एकाच गाडीची आहेत.) आयआयटीसाठी ‘जॅम’मधील गणितीय संख्याशास्त्राची तीन तासांची, शंभर गुणांची परीक्षा द्यावी लागते, तर एम.स्टॅट.साठी वस्तुनिष्ठ आणि वर्णनात्मक अशा दोन प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात. बाहेर गेल्याने मिळते ते मुख्यतः सोबतच्या मुलांमुळे : शेजारच्या खोलीतला मित्र रात्री अकरा वाजता एखाद्या सिद्धतेतील त्रुटी दाखवायला येतो, हा लाभ कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. त्याखेरीज शिकवण्याचा वेग अधिक असतो आणि कंपन्या मुलाखतींसाठी परिसरात येतात.

पण रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा कच्चे ठेवून जाणाऱ्यासाठी हाच वेग जाचक ठरतो. मेझर थिअरीवर उभी असलेली संभाव्यता सुरुवातीलाच समोर येते, आणि पदवीला ‘नमुना वाढवला की सरासरी स्थिरावते’ एवढ्यावर भागलेला नियम तिथे दुर्बळ आणि प्रबळ अशा दोन रूपांत वेगवेगळा सिद्ध करावा लागतो. पहिले रूप चेबिशेव्हच्या असमतेने दोन ओळींत हाती येते, तर दुसऱ्यासाठी बरीच तयारी लागते. ती तयारी नसेल, तर घरी राहून एक वर्ष गणितावर घालवणे आणि मग प्रवेश परीक्षा देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ज्यांची नजर केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेवर आहे, त्यांच्यासाठी पारडे नागपूरकडे झुकते. संघ लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेला संख्याशास्त्र हा एक विषय घेऊन मिळवलेली पदवी पुरते आणि सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३० वर्षे आहे. लेखी परीक्षेच्या १००० गुणांपैकी ८०० गुण संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिकांना आहेत, त्यांपैकी दोन वर्णनात्मक आहेत, आणि मुलाखत २०० गुणांची असते. नमुना सर्वेक्षण, रेषीय प्रतिमाने, प्रयोगांचे अभिकल्प (आखणी) हे तिथले विषय एम.एस्सी.च्या अभ्यासाशी बरेच जुळतात, आणि घरचे जेवण व कमी खर्च यांमुळे दोन प्रयत्न निवांतपणे करता येतात.

उपयोजित संख्याशास्त्राची आवड असलेल्यालाही हे शहर तोकडे पडत नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि एम्स एकाच शहरात असल्याने पीक, हवा-पाणी आणि रुग्ण या तिन्ही प्रकारच्या माहितीचे प्रश्न जवळच आहेत. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतांवर काम करताना यादृच्छिक खंड अभिकल्प का सुचवला, हे पुस्तकात वाचून जेवढे समजत नाही, तेवढे एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ काळी माती असलेल्या कपाशीच्या वावरात उभे राहिल्यावर समजते : सारखी माती एका खंडात आणायची आणि वाणांची जागा खंडाच्या आत चिठ्ठ्या टाकून ठरवायची. प्रकल्पाचा विषय निवडताना हे ध्यानात असू द्यावे.

सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करण्याची हमी देणाऱ्या शिकवण्यांचे फलक शहरात जागोजागी दिसतात. एम.एस्सी.च्या जोडीला तिथे सॉफ्टवेअरचा सराव होत असेल तर ठीक, त्यांना एम.एस्सी.चा पर्याय मात्र समजू नये.

पीएच.डी.च्या टप्प्यावर गावाचे महत्त्व जवळजवळ संपते आणि मार्गदर्शक कोण, एवढेच पाहायचे उरते. संशोधनासाठी फेलोशिप देणाऱ्या सीएसआयआर-नेट परीक्षेत संख्याशास्त्राला स्वतंत्र विषय नाही. गणितीय विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतच त्याचा एक घटक असतो, त्यामुळे फेलोशिप मिळवून बाहेर जायचे असो वा इथेच नाव नोंदवायचे असो, तयारी एकच करावी लागते. त्यानंतर संभाव्य मार्गदर्शकाचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध काढून वाचावेत, त्यांतला एखादा प्रश्न पुढची चार-पाच वर्षे सोबत बाळगावासा वाटतो का ते पाहावे, आणि शक्य झाल्यास त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्याला भेटून मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा चर्चेला बसतात, हे विचारून घ्यावे.