उद्यमबागेत घेतलेले ‘सर्वसमावेशक कार्यस्थळ’ प्रशिक्षण : अभिप्राय

स्वमग्नता, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) असलेल्या कर्मचाऱ्यांना कामावर न्याय्य वागणूक कशी द्यावी, याचे प्रशिक्षण बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या यंत्रभागांच्या कारखान्याने एका सल्लागार संस्थेकडून घेतले. सकाळचे सत्र वाया गेले. स्वमग्न माणूस म्हणजे गणितातला चमत्कार, असे भासवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, आणि ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते त्यांच्यापैकी एकालाही बोलते केले नाही.

जेवणानंतर मात्र प्रशिक्षक थेट यंत्रांपाशी आले. आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना सुपरवायझर ग्राइंडरच्या आवाजात, अर्धे मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये, चार कामे एका दमात सांगतात, आणि ज्याच्या लक्षात राहत नाही तो धांदरट ठरतो. त्याऐवजी प्रत्येक काम जॉब कार्डावर वेगळ्या ओळीत, क्रमाने आणि ठळक आकड्यांत लिहून द्यावे, असे त्यांनी सुचवले. ०.०५ आणि ०.५० यांत ज्याची गल्लत होते, त्याच्या हाती आकडे वाचून मोजायच्या व्हर्निअरऐवजी गो–नो गो गेज (ठरलेल्या मापाचे तपासणीचे साधन) द्यावे, म्हणजे आकडा न वाचताही जॉब (तयार केलेला भाग) पास की नापास हे कळते, ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटली. हे गेज आमच्या कपाटात आधीपासूनच होते. मुलाखतीत नजरेला नजर देऊन बोलण्याची परीक्षा घेण्यापेक्षा उमेदवाराला लेथवर एक जॉब करून दाखवू द्यावा, हेही पटले.

कायद्याच्या बाबतीत माहिती अपुरी होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहेत, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. हा फरक सांगितला गेला नाही. प्रत्येक खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचे असते. त्याचा तयार मसुदा मिळाला, पण इंग्रजीत, म्हणजे आमच्या बहुतेक कामगारांना न वाचता येणारा.

शुल्क माणशी असल्यामुळे मालकाने ठेकेदाराकडच्या कामगारांना बसवलेच नाही, वास्तविक कामावरून सर्वांत आधी काढले जातात ते तेच. कारखान्यामागे एकच शुल्क ठरत असेल आणि केवळ दुपारचे सत्र मिळत असेल, तर लहान कारखानदारांनी ही सेवा जरूर घ्यावी; अन्यथा सध्याच्या दरात ती महागच पडते.