डेझर्ट कूलर: टाकीचे लिटर विसरा, पॅड मोजा

हवा कोरडी असेल तर वाळवंटी शहरात डेझर्ट कूलर जरूर घ्यावा. दीड टनी एसी जिथे दीडेक हजार वॉट ओढतो, तिथे हा दोनेकशे वॉटमध्ये काम भागवतो आणि खोलीत ताजी हवा आणतो. अडचण एवढीच, की दुकानात ज्या गोष्टी दाखवून तो विकतात त्यांचा थंडाव्याशी फारसा संबंध नसतो. टाकी किती लिटरची, बर्फाचा कप्पा आहे का, रिमोट आहे का, वारा किती फूट लांब जातो, हे सगळं नंतर. आधी कूलर फिरवून मागचे पॅड बघायचे, म्हणजे पंपाच्या पाण्याने भिजणारे ते थर, ज्यांतून हवा आत येते.

तरी त्याआधी एक हिशेब. कूलर किती थंड करू शकेल याची मर्यादा बाहेरची हवा घालून देते. बाहेर ४५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड करता येते तो आकडा, साधारण २१.५ अंश येतं. चांगला पॅड या दोन आकड्यांतला ८० टक्के फरक कापतो, म्हणजे जाळीतून २६ अंशांच्या आसपासची हवा मिळते. तोच कूलर ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ३०-३१ च्या खाली येत नाही, आणि ती हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून वाळवंट म्हटलं की कूलर, असं सरसकट समीकरण मांडू नये. दुबई, दोहा ही शहरं वाळवंटातली खरी, पण समुद्रकाठची. तिथल्या ऑगस्टात कूलर म्हणजे निव्वळ चिकचिक. अमेरिकेतल्या फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरात जूनमध्ये तो छान चालतो आणि पुढे मॉन्सूनची ओल आली की मान टाकतो. हवामानाच्या अॅपवर आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, ती तासातासाला बदलते. दवबिंदू बघा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं तो आकडा. तो १५ अंशांच्या आत आहे तोवर कूलरचं सुख आहे. २० च्या वर गेला की एसीला पर्याय नाही.

आता प्रकार. पर्सनल आणि टॉवर कूलर ४५ अंशांच्या शहरासाठी आम्ही सुचवणार नाही. ते खोलीच्या मधोमध ठेवून खोलीतलीच हवा फिरवायची असा सगळ्यांचा समज असतो. पहिली पंधरा मिनिटं गार वाटतं, तासाभरात भिंतींना ओल सुटते आणि पंखाच बरा होता असं होतं. घ्यायचा तर खिडकीला बसणारा, तीन बाजूंनी पॅड असलेला ठोकळा घ्यावा. दिसायला ओबडधोबड असला तरी चालेल.

किती मोठा? खोलीची हवा ताशी ३० ते ४० वेळा बदलली पाहिजे. १२ बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली १४४० घनफुटांची, म्हणजे सुमारे ४१ घनमीटरची झाली. ताशी ४० वेळा बदलायची तर सुमारे १६०० घनमीटर हवा लागते. खोक्यावरचा आकडा पुढे काही अडथळा नसताना मोजलेला असतो, म्हणून २००० च्या वरचंच मॉडेल बघा. आणि इतकी हवा खेचायला पॅडचं क्षेत्रफळही तेवढं हवं. हवा पॅडमधून सेकंदाला दीड मीटरपेक्षा जोरात गेली तर भिजायला वेळच मिळत नाही. २००० घनमीटरसाठी पॅडची मोकळी जागा किमान ०.३७ चौरस मीटर, म्हणजे ४५ बाय ३० सेंटिमीटरचे तीन पॅड. मोठा पंखा आणि चिमुकला पॅड ही जोडी बाजारात भरपूर मिळते. वारा सणसणीत, थंडावा नावाला.

पॅडची जाडी मात्र हात लावून बघायचीच. हनीकोम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा कागदी पॅड १०० मिलिमीटरचा असावा. प्लास्टिकच्या बऱ्याच कूलरमध्ये तो ५० किंवा त्याहून पातळ असतो आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. गवताचे म्हणून मिळणारे पॅड बहुतेकदा लाकडाच्या लांब किसाचे असतात. नवे असताना तेही चांगले चालतात, पण महिनाभरात कीस खाली बसतो, वरच्या कोपऱ्यात पोकळी पडते आणि तिथून ४५ अंशांची हवा सरळ आत येते. पंखा नेहमी सोपी वाट धरतो, त्यामुळे तळहाताएवढी पोकळीही सगळ्या पॅडची मेहनत वाया घालवते. हे पॅड दर मोसमाला बदलायचे. हनीकोम्ब नीट राखला तर तीन-चार मोसम जातो.

हनीकोम्ब बसवताना एक चूक हमखास होते. त्याच्या कागदी नळ्या दोन दिशांनी तिरक्या असतात आणि अनेक पॅडमध्ये एक उतार दुसऱ्यापेक्षा जास्त असतो. जास्त उताराच्या नळ्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे हवा जिथून शिरते तिकडे, खाली उतरल्या पाहिजेत. उलटा बसवला की पाणी आतल्या बाजूला येतं आणि जाळीतून तुषार उडतात. मग लोक पंप खराब झाला म्हणून तक्रार करतात.

ज्या खिडकीत कूलर बसवला तिच्या समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवंच. ही गोष्ट सांगून सांगून तोंड दुखतं, तरी लोक एसीच्या सवयीने सगळं बंद करून बसतात. आलेली हवा बाहेर गेली नाही तर नवी आत येणार कुठून? अंदाज असा: ताशी १७०० घनमीटर हवेला एक ते दोन चौरस फूट उघडी जागा. दार दाणकन आपटत असेल किंवा कूलरचा आवाज घुसमटल्यासारखा येत असेल तर फट वाढवा. कोपरे गरम राहत असतील तर फटीची जागा बदला. झोपण्याच्या खोलीतली खिडकी उघडी ठेवली की हवा आपोआप तिकडून जाते, म्हणजे कूलर कुठेही असला तरी गारवा कुठे न्यायचा ते खिडक्या ठरवतात.

पाणी हा खरा खर्च आहे. वरच्या हिशेबातला कूलर ४५ अंशांच्या दुपारी ताशी १७ लिटर पाणी उडवतो. ६० लिटरची टाकी साडेतीन तासांत तळाला जाते. टाकी रिकामी, पॅड कोरडे आणि पंखा चालू, ही या यंत्राची सगळ्यात वाईट अवस्था. ४० अंशांच्या वरची हवा अंगावर घेतली की शरीर थंड होण्याऐवजी तापतं. जागतिक आरोग्य संघटनाही अशा तापमानात पंखा वापरू नका असंच सांगते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर बादलीने पाणी भरण्याच्या भरवशावर राहू नका. नळाची जोडणी आणि फ्लोट व्हॉल्व्ह (पाणी उतरलं की आपोआप भरणारा तरंगता नळ) लावून घ्या.

फ्लोट लावला की दुसरी डोकेदुखी सुरू होते, क्षारांची. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वाळवंटी शहरांत लिटरला १००० मिलिग्रॅम क्षारांचं पाणी नवल नाही. दहा तास चाललेला कूलर अशा पाण्यातून १७० ग्रॅम क्षार मागे ठेवतो, आठवड्याला किलोच्या वर. संध्याकाळपर्यंत टाकीतलं पाणी मूळच्या जवळपास चौपट खारट झालेलं असतं. रोज रात्री टाकी पूर्ण सोडून द्या. ते पाणी झाडांना घालू नका, फरशी पुसायला चालेल. हे टाळलं तर पांढरा थर आधी पॅडवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पाइपच्या बारीक भोकांत बसतो. एक भोक बुजलं की त्याखाली पॅडवर उभा कोरडा पट्टा पडतो. पंप चालू ठेवून दहा मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात पॅड बघा, फिकट पट्टा लगेच दिसतो. पंखा बंद करून, प्लग काढून, भोकं टाचणीने मोकळी करा. पंपाची जाळी आणि आतलं चक्र लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवलं की थर सुटतो. हनीकोम्बवर मात्र ब्रश घासू नका, कागद सोलला जातो. वरून साधं पाणी सोडा.

बर्फाच्या कप्प्याबद्दल दोनच वाक्यं. किलोभर बर्फ वितळून ओल्या बल्बच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम ४२० किलोज्यूल उष्णता घेतो, तर लिटरभर पाणी वाफ होताना सुमारे २४३० घेतं. म्हणजे पाच किलो बर्फ ओतूनही लिटरभर पाण्याइतकं काम होत नाही, आणि कूलर तसे १७ लिटर दर तासाला उडवतोच आहे.

सकाळी घर तापायच्या आत कूलर लावा. पंप पाच मिनिटं आधी चालू करा, पॅड पूर्ण भिजल्यावर पंखा. बाहेरचा भाग सावलीत असेल तर उत्तम, पण त्याला हवा यायला जागा सोडा. रात्री बाहेरची हवा तिशीच्या खाली आली की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. भिंतींत दिवसभर साठलेली उष्णता त्याने निघून जाते आणि पॅडही वाळतात, त्यामुळे कुबट वास येत नाही. धुळीचं वादळ असेल तर कूलर पूर्ण बंद. ओल्या पॅडवर बसलेल्या धुळीचा चिखल होतो आणि तो धुऊन काढणं महाकठीण.

पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर तो लावूच नये. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तीन पिनांचा प्लग याला सूट नाही. पाणी भरताना, पंप हलवताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

रोज टाकी सोडत असाल तरी आठवड्यातून एकदा तिच्या आतल्या भिंती घासून कोरड्या करा. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या काठाशी भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या मोसमात पाणी भरलं की फुटतात. म्हणून मोसम संपल्यावर नुसतं झाकण घालून ठेवू नका. टाकी घासा, पॅड काढून उन्हात खडखडीत वाळवा, पंप सुकवून पिशवीत ठेवा आणि तळाचं बूच उघडंच राहू द्या.