स्कीच्या बुटात पाय उबदार ठेवण्यासाठी काय घ्यावे: मोजे, टो वॉर्मर की बॅटरी?

गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंगच्या अभ्यासक्रमासाठी निघालेली मराठी मंडळी बहुधा सह्याद्रीत वाढलेली असतात, आणि थंडीविषयीचे त्यांचे आडाखेही ट्रेकच्या बुटावरून बांधलेले असतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा, म्हणजे उतारावर बोटे पुढे आपटत नाहीत, आणि मोजे जाड असावेत, हा तो शिरस्ता. स्कीच्या बुटाला मात्र हा शिरस्ता लागू पडत नाही. पायाला ऊब देणाऱ्या वस्तूंची तुलना करण्याआधी हे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते, कारण चुकीच्या मापाच्या बुटात महागातली महाग वस्तूही फारसा उपयोग करत नाही.

स्कीच्या बुटाचे दोन भाग असतात: बाहेर प्लॅस्टिकचे कडक कवच आणि आत फोमचा मऊ बूट, ज्याला लाइनर म्हणतात. कवच चालताना वाकत नाही, त्यामुळे पावलाच्या स्नायूंची जी हालचाल एरवी रक्त खेळते ठेवते ती येथे जवळजवळ थांबते. त्यात शरीराचा मधला भाग गार पडू लागला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऊब आतल्या अवयवांसाठी राखली जाते. बोटांना मिळणारी ऊब रक्तातूनच येत असल्याने येथील पहिला प्रश्न रक्ताच्या वाटेचा आहे, वरून आणखी काय गुंडाळायचे हा प्रश्न नंतरचा.

ही वाट अडते ती प्रामुख्याने पावलाच्या वरच्या उंचवट्यावर. बोटांकडे जाणारी एक महत्त्वाची धमनी तेथे त्वचेच्या अगदी जवळून जाते आणि बुटाचे एक बकल नेमके तिच्यावर येते. बूट सैल असेल तर टाच आत उचलली जाते, स्की हवी तशी वळत नाही, नवशिका माणूस बोटे आवळून धरतो आणि ते बकल आणखी एक खाच घट्ट करतो. माझा गुलमर्गचा पहिला आठवडा असाच गेला: भाड्याचे मोठे बूट, आत लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या आणि दुपारपर्यंत बधिर झालेले अंगठे. चौथ्या दिवशी प्रशिक्षकांनी एक नंबर लहान बूट आणि एकच पातळ मोजा घालायला लावला, तेव्हा बर्फ तोच आणि थंडी तीच असूनही बोटांत जीव राहिला.

म्हणून जाड आणि पातळ मोजे यांच्या तुलनेत मी पातळ मोज्यालाच कौल देतो. मेरिनो लोकरीचा किंवा लोकर आणि कृत्रिम धागा यांच्या मिश्रणाचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा, नडगीवर सुरकुती न पडणारा एकच मोजा पुरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प धरूनही ओली लागत नाही. सुती मोजा घाम पिऊन तसाच राहतो. मोज्यांच्या दोन जोड्या एकमेकींवर सरकतात, घड्या पाडतात आणि पायाभोवतीची हवा दाबून टाकतात. थर्मल पायजम्याचा घोटाही बुटात खोचू नये.

बुटाचे माप सेंटिमीटरमध्ये असते; 26.5 लिहिलेला बूट साधारण साडेसव्वीस सेंटिमीटर लांबीच्या पावलासाठी असतो. बहुतेक कंपन्या 26 आणि 26.5 या दोन्ही मापांना एकच कवच वापरतात, त्यामुळे भाड्याच्या दुकानात अर्धा नंबर बदलून मागितल्याने फारसा फरक पडत नाही. लाइनर काढून रिकाम्या कवचात पाय घालावा, बोटे पुढे हलकेच टेकवावीत आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहावे. एक ते दोन सेंटिमीटर उरली तर माप योग्य आहे. तीन उरली तर तो बूट परत द्यावा. भाड्याचे लाइनर वापरून वापरून चपटे झालेले असतात, तेव्हा दोन-तीन जोड्या तपासून पाहण्यात संकोच करू नये. दुकानदाराला ही तपासणी नवीन नसते.

एवढे करूनही पाय गार पडत असतील, तरच विकत घेण्याच्या उष्णतेकडे वळावे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा (बंद डब्यांच्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश धरले, तर खाली उणे 3 असताना वर उणे 11 च्या आसपास तापमान असू शकते, आणि वाऱ्याचा परिणाम त्याहून वेगळा. शिकाऊ उतारावर ज्याची गरज भासली नाही ते वर लागू शकते.

सर्वांत स्वस्त पर्याय टो वॉर्मरचा. या चपट्या पुड्यांत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळसा असतो. वेष्टन फोडले की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन लोखंड गंजते आणि त्या क्रियेतून उष्णता निघते. मर्यादाही तेथेच आहे, कारण प्लॅस्टिकच्या बंद बुटात हवा कमी असते. हातासाठी बनवलेल्या जाड पुड्या बुटात लवकर थंड होतात आणि बोटांवर दाब आणतात. बोटांसाठीच्या पुड्या कमी हवेत चालतील अशा बनवलेल्या असतात, पण त्याही थोडी जागा खातात. चोख बसणाऱ्या बुटात त्या तळव्याखाली ठेवण्यापेक्षा मोज्यावरून बोटांच्या वरच्या बाजूला चिकटवाव्यात, थेट कातडीवर कधीही लावू नयेत. एकदा वापरल्यावर त्या टाकून द्याव्या लागतात, आणि चौदा दिवसांच्या अभ्यासक्रमात रोज एक जोडी म्हणजे चौदा जोड्यांचा कचरा डोंगरावरून खाली आणणे आले. दोन-तीन फार थंड दिवसांसाठी राखीव म्हणून मी त्या घेईन, रोजच्या वापरासाठी नाही.

बॅटरीवरचे मोजे आणि बॅटरीवरचे इनसोल (बुटात तळव्याखाली घालायचे पातळ थर) यांत खरी निवड करावी लागते, कारण दोन्ही महाग आहेत आणि दोन्हींचा गुण वेगळा आहे. मोज्यात तापणारी तार बोटांभोवती विणलेली असते आणि बॅटरी पोटरीवर, बुटाच्या काठाच्या वर, पँटच्या आत राहते. थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता घटते, म्हणून अंगाजवळची ही जागा फायद्याची ठरते. इनसोलची बॅटरी बहुधा बुटाच्या बाहेर पट्ट्याला अडकवलेली असते. ती वाऱ्यात उघडी राहते आणि तिची वायर लाइनरमधून वाट काढत तळव्यापर्यंत जाते. इनसोल तळव्याला ऊब देतो, बोटांच्या टोकांना कमी. उलट, इनसोलवर कोणताही स्वच्छ मोजा घालता येतो, तर बॅटरीच्या मोज्यांची एकच जोडी असेल तर ती रोज हलक्या हाताने धुऊन रात्रीत वाळवावी लागते.

पण निर्णय ठरवणारी गोष्ट निराळीच आहे: बूट कोणाचे? इनसोल पावलाच्या आणि बुटाच्या आकाराला कापून, वायरीला जागा करून बसवावा लागतो. भाड्याच्या बुटात हे करण्यात अर्थ नाही. मोजे मात्र तुमच्यासोबत कोणत्याही बुटात जातात. म्हणून भारतातून वर्षातून एकदा आठवडा-दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्याने बॅटरीचे मोजे घ्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. आल्प्सच्या परिसरात किंवा कॅनडात राहणाऱ्या, स्वतःचे बूट असलेल्या आणि हिवाळ्यातले बरेच शनिवार-रविवार उतारावर घालवणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र अनुभवी बूटफिटरकडून इनसोल बसवून घ्यावा. दीर्घकाळात तो अधिक टिकाऊ ठरतो. दोन्हींत ऊब दिवसभर सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू नये, कारण घाम सुटतो आणि लिफ्टवर बसल्यावर तोच घाम पाय गोठवतो. सकाळी पाय उबदार असतानाच मंद पातळीवर सुरू करावे. गोठलेले बोट बॅटरीने परत तापवणे फार अवघड असते.

बुटावर बाहेरून चढवायचे निओप्रिनचे (रबरासारख्या फोमचे) आवरणही मिळते. उघड्या चेअरलिफ्टवर ते वारा अडवते. बंद गोंडोलात त्याची गरज कमी भासते. गोंडोलात बसताच वरची बकले सैल करून बोटे हलवण्याने जवळपास तेवढाच लाभ होतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

रात्रीच्या वाळवणीला मी या खरेदीइतकेच महत्त्व देतो. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे आदल्या दिवशीचा घाम लाइनरमध्ये राहिला तर दुसरा दिवस सुरू होण्याआधीच हरलेला असतो. लाइनर रोज बाहेर काढावा. कोमट हवा फुंकणारा छोटा ड्रायर सोबत असेल तर उत्तम, पण डोंगरात वीज जाऊ शकते हे गृहीत धरावे. खोलीत बुखारी (खोली तापवणारी शेगडी) असेल तर लाइनर तिच्यापासून हातभर दूर ठेवावा, कारण जास्त उष्णतेने फोम मऊ पडून आकार बिघडतो. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून तासाभराने बदलण्याचा उपायही चांगला चालतो. स्कीचा मोजा हॉटेलपासून चालत जाताना घालू नये. उताराशी पोहोचल्यावर कोरडा मोजा चढवावा.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत. त्या केबिनमध्ये, टोके झाकून न्याव्या लागतात.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने टो वॉर्मर आणि बॅटरी हे दोन्ही पर्याय डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत, कारण चटका बसला तरी तो कळत नाही. बोटे थंडीने पांढरीफटक पडली किंवा गोंडोलातून उतरून आवारात आल्यावर बोट पांढरे आणि मेणासारखे दिसले, तर तेही दुर्लक्षू नये. अशा वेळी बोट चोळू नये, त्यावर बर्फ घासू नये आणि ते बुखारीजवळही नेऊ नये. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेथे 37 ते 39 अंश सेल्सिअस तापमानाच्या कोमट पाण्यात ते बुडवावे, पाण्याचे तापमान दुसऱ्या कोणाला तरी कोपराने तपासायला सांगावे, आणि संवेदना परतली नाही तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.